चांगल्या दिवसांचे नियम

आमच्या रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळायला नवी बाई आली आणि आल्या आल्या तिची नजर माझ्या फ्रिजांवर पडली. माझे म्हणतो, कारण उभं आयुष्य त्यांच्यात गेलं. रक्ताच्या पिशव्या ठेवायचे फ्रिज मी सांभाळतो. सगळे मला फ्रिजकाका म्हणतात, आमच्या मुख्य डॉक्टर मॅडमसुद्धा. त्या बाईला पुढे कुंपणबाई नाव पडलं. ते मीच ठेवलं, आणि ठेवताना मनात काही प्रेम नव्हतं.

चाळिशीच्या अलीकडची, काटकुळी, बोलणं मोजूनमापून. घरी आई अंथरुणाला खिळलेली. रोज दुपारी डबा उघडायच्या आधी शेजारणीला फोन करायची, "उठून बसली का?" विचारायची आणि मग जेवायची. उत्तर काय आलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही, पण डब्यात भाजी तशीच टाकली की समजायचं. नोकरी वर्षावर्षाच्या करारावर. यंदा तिला कायम करायची फाइल डॉक्टर मॅडमच्या टेबलावर गेली होती, हे झाडूवालीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. कायम झाली की आईचं औषधपाणी पेढीकडून होणार होतं.

तर फ्रिजांचं. कॉम्प्युटरमध्ये काही प्रोग्राम असे असतात की कुणी बटण दाबो न दाबो, ते मागे आपले चालूच असतात. फ्रिजचं तापमान बघणारा तसाच एक होता. फ्रिजबरोबर आलेला. सेन्सर वाचायचा, आकडा लिहून ठेवायचा, आणि फ्रिज गरम झाला तर माझ्या फोनवर बोंब मारायचा. इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

"काका, याला सगळ्या घराच्या किल्ल्या दिल्यात," ती एक दिवस म्हणाली.

"कुणाला?"

"या प्रोग्रामला. हा रक्तदात्यांची नावं वाचू शकतो, त्यांचे आजार वाचू शकतो, वाटलं तर पुसू शकतो. फ्रिज बघणाऱ्याला हे कशाला हवं? उद्या बाहेरचा कुणी याच्यात शिरला, तर सगळं घर त्याचं."

"इतक्या वर्षांत शिरला का कुणी?"

"नाही. म्हणून आताच कुंपण घालायचं."

तिचं कुंपण म्हणजे नियम. प्रोग्रामने कुठली फाइल वाचायची, कुठे लिहायचं, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला कामाला बोलवायचं, ते सगळं लिहून द्यायचं. जे लिहिलं नाही ते बंद. आणि गंमत अशी की ज्याच्याकडे मुख्य पासवर्ड आहे त्याच्या नावाने प्रोग्राम चालत असला तरी सुटका नाही. मालक म्हणून वशिला चालत नाही. मी म्हटलं, माझ्या घरी हीच व्यवस्था आहे, फक्त ती बायकोने घातलीय. बाई हसली नाही. मला तर तेव्हा वाटलं, ही माझ्यावरच संशय घेतेय.

तिची कामाची रीत अशी. आधी काही आठवडे नियम नुसत्या तक्रारीवर ठेवायचे. म्हणजे अडवायचं कुणाला नाही, फक्त प्रोग्राम कुठे कुठे हात घालतो ते टिपायचं. मग जे त्याला रोज लागतं ते मोकळं, बाकीचं बंद. बघ म्हटलं, खुशाल बघ! माझ्या फ्रिजात खोट सापडायला नको म्हणून मी ईर्ष्येला पेटलो. मागच्या जाळ्या घासूनपुसून काढल्या, दाराची रबरं बदलून घेतली, कुणी दार जरा जास्त उघडं ठेवलं की अंगावर जायचो. त्या आठवड्यांत आकडा जागचा हलला नाही. बाईने एके दिवशी खरं अडवणं सुरू केलं, सगळं नीट चाललं, आणि डॉक्टर मॅडमनी तिचं कौतुक केलं. फाइल आता सहीलाच गेली असं लोक म्हणायला लागले.

पुढे एका रविवारी मोठ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला. आमची पेढी लहान, रविवारी बंद. फ्रिज आतल्या खोलीत ओरडत राहिला, फाटकावरच्या पहारेकऱ्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी घरी, फोन उशाशी घेऊन आडवा झालेलो. फोन हूं की चूं नाही. सोमवारी फ्रिजचं दार उघडलं आणि आतली कोमट हवा तोंडावर आली. त्यातल्या सगळ्या पिशव्या फेकाव्या लागल्या. माणसं कामधंदा सोडून येतात, बाही वर करतात, आणि ते रक्त मी माझ्या हाताने टाकून दिलं. मला रडू कोसळलं, खोटं कशाला सांगू. एका बाईचं ऑपरेशनही पुढे ढकलावं लागलं.

"काका, फोन बंद ठेवला होतात ना?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"देवाशपथ नाही."

"मग निरोप कसा आला नाही? आजवर कधी चुकला नाही."

निवृत्तीला वर्ष राहिलेलं. खुलासा लिहून द्या म्हणाल्या, नाहीतर चौकशी. चौकशी लागली की पेन्शन लटकली. आणि पेन्शन एक वेळ राहू दे, पण ज्या फ्रिजांसाठी आयुष्य घातलं तिथून झोपाळू म्हणून बाहेर पडायचं? त्या रात्री घास उतरला नाही. बायकोसुद्धा हळूच म्हणाली, "चुकून बंद झाला असेल हो." तिच्यावर उगाच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी मी खुलासा लिहायला बसलो होतो, तेवढ्यात बाई डॉक्टर मॅडमना आणि झाडून सगळ्यांना फ्रिजच्या खोलीत घेऊन आली.

"काका, फोन चालू आहे ना? तो टेबलावर ठेवा," ती म्हणाली.

ठेवला. तिने फ्रिजमधून सेन्सर बाहेर काढला आणि मुठीत धरला. समोर पडद्यावर आकडा चढत गेला, लाल झाला. आम्ही फोनकडे बघत उभे. फोन गप्प.

मग तिने सेन्सर परत गार होऊ दिला, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. "आता माझे नियम नुसत्या तक्रारीवर आहेत. कुणाला अडवणार नाहीत." पुन्हा मूठ आवळली. आकडा चढला, लाल झाला, आणि फोन असा किंचाळला की झाडूवाली दचकून मागे सरली.

"काकांचा फोन चालूच होता," बाई म्हणाली. "निरोप पाठवायला हा प्रोग्राम दुसऱ्या एका प्रोग्रामला बोलावतो. मी बघत होते त्या आठवड्यांत फ्रिज एकदाही बिघडला नाही, म्हणून त्याने कधी बोलावलंच नाही. जे दिसलं नाही ते मी बंद केलं. चांगले दिवस बघून नियम लिहिले. चूक माझी आहे."

डॉक्टर मॅडमनी फोन उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "ते कुंपण आधी काढून टाका."

"माझं काय करायचं ते करा, मॅडम. कुंपण काढू नका. त्याला एक वाट ठेवायची राहिली, ती ठेवते."

माझा खुलासा रद्द झाला. कुंपण राहिलं. बाईची फाइल मात्र सही न होता परत आली, आणि करार संपला की नवा नाही, असं तिला सांगण्यात आलं. डॉक्टर मॅडम वाईट नाहीत. इतकं रक्त फुकट गेल्यावर वरच्यांना कुणाचं तरी नाव द्यावं लागतं, ते त्यांनी दिलं.

उरलेल्या दिवसांत आम्ही दोघांनी मिळून फ्रिजांना मुद्दाम छळलं. पिशव्या शेजारच्या फ्रिजात हलवायच्या आणि रिकाम्याची वीज तोडायची, दार उघडं टाकायचं, सेन्सरची वायर उपटायची. दर वेळी प्रोग्राम कुणाला हाका मारतो ते ती बघायची आणि तेवढंच मोकळं करायची. दुपारी घरी फोन व्हायचा. भाजी बहुतेक दिवस टाकलेली असायची.

शेवटच्या दिवशी ती टेबल आवरत होती आणि माझं डोकं फिरलं.

"सोमवारीच कळलं होतं ना तुला?" मी चक्क ओरडलो. "कॉम्प्युटर उघडल्या उघडल्या?"

"हो."

"मग दुरुस्त करून गप्प बसायचंस! कुणाच्या बापाला कळलं नसतं. आई आहे घरी, अक्कल गहाण टाकलीस का?"

"दोन ओळींचं काम होतं," ती म्हणाली. "पण मग तुम्ही फोन बंद ठेवणारे म्हणून घरी गेला असतात. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं, काका?"

"हेच," मी म्हटलं. "मीही हेच केलं असतं."

तिने मान हलवली, पिशवी खांद्याला लावली आणि गेली. मी फ्रिजच्या खोलीत जाऊन बसलो. तिच्याशी खोटं बोललो होतो. मी दोन ओळी बदलल्या असत्या, गप्प घरी गेलो असतो आणि जेवलो असतो.