गच्चीवरची तपासणी

जानेवारीतल्या अमावास्येला मी ओव्हरटाइम साठवून घेतलेली सत्तर हजारांची दुर्बीण रावेतच्या आमच्या गच्चीवर पहिल्यांदा उभी केली. हजर होतो मी, बायको आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी. ते चाकणच्या एका कंपनीत येणारा माल तपासतात. वस्तूला हात लावण्याआधी शर्टाला बोटं पुसतात आणि दोष सापडला की आवाज मऊ करतात.

मृग नक्षत्रातला तेजोमेघ कॅमेऱ्यात उतरला. तो गुलाबी धूर पाहून बायको म्हणाली, "अगं बाई!" शेजाऱ्यांनी फोटोचा कोपरा मोठा करून पाहिला.

"राव, इथले तारे लांबट आलेत," ते हळूच म्हणाले. "माल रिजेक्ट."

दुकानदाराने फोनवर सांगितलं, कॅमेरा आणि दुर्बीण यांच्यामध्ये एक पातळ वॉशर टाका, तारे गोल येतील. शेजारी हसले. "वॉशर टाकून पास केलेला माल आम्ही गेटातूनच परत पाठवतो."

तपासणी हा त्यांचा धंदा, म्हणून मी ऐकलं आणि दुर्बीण परत केली.

महिन्याभराने सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी त्याच तेजोमेघाचा फोटो टाकला. कोपऱ्यातले तारेसुद्धा गोल होते. जिन्यात गाठून मी विचारलं.

"तुमचाच पीस हो," ते म्हणाले. "परत आलेला म्हणून स्वस्तात दिला. वॉशर टाकला आणि डेव्हिएशनवर घेतला. गरज असली की थोडा दोष चालवून घेतात, कंपनीतही घेतोच की."

परत घेताना दुकानदाराने माझे नऊ हजार कापले होते. शेजाऱ्यांना सूट मिळाली तीही बरोबर नऊ हजारांचीच.