विंडोज तिसऱ्या ओळीवर आहे

केंद्र सरकारच्या सेवेत सव्वीस वर्षं काढली, पण माझ्या हातून एकही फाइल बिघडलेली नाही. घरची फाइल यात धरलेली नाही.

ती फाइल कोलकात्यातल्या आमच्या बालीगंजच्या फ्लॅटमधल्या संगणकात होती. माझी मुलगी केतकी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना तिचा संगणक आम्हाला ठेवून गेली. त्यात दोन ऑपरेटिंग सिस्टिमची दोन बिऱ्हाडं: लिनक्स केतकीचं, विंडोज उरलेल्या जनतेचं. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर चार ओळींची यादी यायची. दहा सेकंदांत तुम्ही काही निवडलं नाहीत, तर तो आपणहून पहिली ओळ उघडायचा, म्हणजे लिनक्स.

याचा सगळ्यात जास्त ताप माझ्या आईला. बाबा गेल्यावर ती साताऱ्याहून आमच्याकडे आली. पहिलं वर्ष तिने गॅलरीत बसून काढलं, कारण शेजारणींचं बंगाली तिला कळेना आणि तिचं हिंदी त्यांना. मग इथल्या मराठी घरांतल्या मुलांना दर रविवारी ऑनलाइन मराठी शिकवायचं तिने मनावर घेतलं आणि आई पुन्हा माणसांत आली. तिच्या वर्गाचं सगळं सामान विंडोजमध्ये. त्यामुळे पदर खोचून ती संगणकासमोर दबा धरून बसायची आणि यादी दिसली रे दिसली की बटणं दाबायची: खाली, खाली, एंटर. तेवढ्यात फोन वाजला की दहा सेकंद गेलेच. मग लिनक्स उघडायचं, आई त्याला चार शब्द सुनावायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्या रविवारी अकरा वाजता वर्गाचा पहिला कार्यक्रम होता. बारा मुलं, त्यांचे नागपूर-नाशिक-अमरावतीकडचे आजी-आजोबा, आणि प्रत्येक मुलाने आपल्या आजोबांना मराठीत एक गोष्ट सांगायची. ही मुलं शाळेत इंग्रजी आणि खाली खेळताना बंगाली बोलणारी. सहा वर्षांच्या राईने तर अमरावतीच्या आजोबांशी मराठीत ‘हॅलो’च्या पुढे कधी मजल मारली नव्हती. (तेही मराठीत धरलं तर!) आईने तीन महिने जीव ओतला होता. आदल्या दिवसापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

मला वाटलं, आज तरी तिला ही धावपळ नको. ती आंघोळीला गेली आणि मी कामाला लागलो. इंटरनेटवर सूचनांचं एक पान सापडलं; काम किरकोळ होतं. लिनक्समधल्या एका फाइलीत, आपणहून कितवी ओळ उघडायची तो आकडा लिहायचा. विंडोज तिसऱ्या ओळीवर. मी पडद्यावर बोट ठेवून दोनदा मोजलं आणि तीन लिहिलं. इथेच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मग दहा सेकंद तरी कशाला थांबायचं? मी दहाचे शून्य केले. यादी दिसणारच नाही, थेट विंडोज! (सूचना शेवटपर्यंत वाचाव्यात, असं मी कार्यालयात इतरांना सांगत असतो.)

आई इस्त्रीची साडी नेसून आली. आता तुला काही म्हणजे काही दाबायचं नाही, असं सांगून मी संगणक सुरू केला आणि रुबाबात चहा आणायला गेलो. इकडे विंडोज आलंच नाही. चौथ्या ओळीवर संगणकाच्या अंतर्गत मांडणीचं पान होतं, जे दुरुस्तीवाल्याशिवाय कोणी उघडत नाही. ते निळं पान आलं. आईच्या हाताला सवय होतीच: खाली, खाली, एंटर. कसलीशी छोटी यादी उघडली. विंडोज काही दिसेना, म्हणून पुन्हा खाली, खाली, एंटर. मी चहा घेऊन आलो तेव्हा सगळं पान चिनी भाषेत होतं.

“हे तू केलंस की मी?” आईने विचारलं.

“दोघांनी मिळून,” मी म्हणालो.

संगणक बंद करून चालू केला. चिनी. दिसेल ते दाबून बाहेर पडलो, तर गोल फिरून पुन्हा त्याच पानावर. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे घोषबाबू आमचा पेपर परत द्यायला आले. चाळीस वर्षं चिनी जेवण जेवत असल्यामुळे आपल्याला यातलं थोडंफार कळेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पडदा न्याहाळला.

“दादा, इसमें चाउमिन तो कहीं नहीं दिखता है,” ते गंभीरपणे म्हणाले आणि एका ओळखीच्या होमिओपॅथला बोलावू का, असं विचारू लागले. तो म्हणे रेडिओही दुरुस्त करायचा.

माझी बायको मीरा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने सरळ केतकीला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला. मी काय केलं ते सगळं सांगितलं.

“बाबा, किती लिहिलंस?”

“तीन. विंडोज तिसरं आहे.”

“कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, बाबा. पहिली ओळ शून्य. तिसरी म्हणजे दोन.”

हे आधी सांगायला नको का कोणी, असं मी म्हणालो. तू वाचलंस त्याच पानावर असेल, असं ती म्हणाली. होतं. पुढच्याच वाक्यात होतं.

मग फोनमधून पडदा बघत, चिनी ओळी नुसत्या मोजत केतकीने मला वाट दाखवली. (मोजायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं.) घड्याळात अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. आई पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसली होती. पोरं ताटकळली असतील रे, एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

विंडोज उघडलं तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. आईने घाईघाईने वर्गाची लिंक दाबली आणि एकदम बाजार भरल्यासारखा आवाज आला. लिंक सगळ्यांकडे होतीच. बाई आल्या नाहीत म्हणून मुलं आणि आजी-आजोबा अर्धा तास एकमेकांच्या तावडीत सापडले होते, आणि बोलत होते! राई तर पार घसा फोडून सांगत होती, “आजोबा, मांजर आमचा मच्छी खाल्ला, मग आई खूप ओरडला!” अमरावतीचे आजोबा डोळे पुसत होते आणि पुढे काय झालं ते विचारत होते. एक चूक न सोडणारी माझी आई माइक बंद ठेवून नुसती ऐकत राहिली. पदर तिच्याही डोळ्यांना लागला.

दुपारभर पालकांचे निरोप येत राहिले. मुलं मोकळी व्हावीत म्हणून बाई मुद्दाम उशिरा आल्या, ही कल्पना सगळ्यांना फारच आवडली होती. आईने एकही निरोप खोडून काढला नाही. संध्याकाळी तिने मला बोलावलं.

“दिवाळीला परत कार्यक्रम ठेवलाय,” ती म्हणाली. “त्या दिवशी सकाळी लवकर उठ आणि काहीतरी दुरुस्त कर.”

मी लगेच हो म्हणालो. या कामाला माझ्याइतका भरवशाचा माणूस तिला अख्ख्या कोलकात्यात मिळाला नसता.