वैजनाथरावांचं पिवळं कडं

वैजनाथराव वीज खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आणि विजेविषयीचं सगळं ज्ञान सोबत घेऊन सिडकोतल्या घरी आले. मागं खात्याचं कसं चालत असेल, या विचारानं त्यांना अधूनमधून हळहळही वाटायची. वेळ घालवायला त्यांनी हौशी रेडिओचा, म्हणजे घरबसल्या दूरच्या लोकांशी रेडिओवर बोलण्याचा परवाना काढला. बाजारातला तयार संच घेणं हा अपमान, म्हणून ट्रान्समीटर स्वतःच बांधायला घेतला.

ट्रान्समीटर आणि अँटेना यांच्यामध्ये फिल्टर लागतो आणि त्याची तार गुंडाळायला चुंबकी कडी लागतात. पाचोडची करुणा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि कित्येक वर्षं रेडिओवर बोलायची. तिनं फोनवर लाल कडी मागवायला सांगितलं होतं. वैजनाथरावांनी शहागंजच्या भंगारातून कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी कडी आणली.

"काका, ती आपल्या कामाची नायत," करुणा म्हणाली. "रंगावरनं आतल्या लोखंडाची जात कळती. आपल्या फ्रिक्वेन्सीला ती सगळी पॉवर पिऊन टाकत्यात."

"अगं, लोखंड ते लोखंड. रंग काय, कंपन्या शोभेला लावतात."

चाचणीत कडं तापलं. वैजनाथराव खूश झाले. "बघ, केवढी शक्ती खेळतेय यातून!"

त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी लांबूनच हात पुढे करून ऊब घेतली. "यावर इस्त्री होईल का हो? म्हणजे वीजबिल तरी सार्थकी लागेल."

रविवारी त्यांनी शहरातल्या सगळ्या रेडिओवाल्यांना प्रात्यक्षिकाला बोलावलं. पोहे झाले, भाषण झालं, मग माइक हातात घेऊन त्यांनी पाचोडला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक, पुन्हा शांतता. सूर्यावरचे डाग वाढलेत, असं त्यांनी पाहुण्यांना समजावलं. शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन चालू असेल, हेही समजावलं. शेवटी करुणाचा फोन आला.

"काका, सुरू केलं का तुम्ही? इकडं कायबी ऐकू येईना."

तेवढ्यात जळक्या व्हार्निशचा वास सुटला. कड्यावरची तार काळी पडली, पिवळा रंग फुगून फुटला आणि धुराची एक नाजूक रेघ पाहुण्यांच्या नाकांपुढून गेली. कुणी हसलं नाही. अभियंत्याला ते फार लागलं.

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी रेडिओच्या खोलीला कुलूप लावून ठेवलं. एका दुपारी मात्र ते गुपचूप आत गेले. एका उरलेल्या कड्यावर मोजून वेढे दिले, क्षमता माहीत असलेला कॅपॅसिटर जोडला आणि ते खरोखर कसं वागतं ते मीटरवर पाहिलं. कडं पार निकामी निघालं. लाल कडी मागवताना त्यांनी करुणाला कळवलं नाही. खात्यात असतानाही त्यांनी कुणाला चूक कळवली नव्हती.

लाल कडी बसली, ती थंड राहिली आणि सकाळी पाचोडहून करुणाचा आवाज खणखणीत आला. वैजनाथरावांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि आनंद आवरून मुद्द्यावर आले.

"करुणा, तुला एक सांगून ठेवतो. कडं कधी नुसतं लोखंड म्हणून घेऊ नये. कुठल्या फ्रिक्वेन्सीला कोणतं चालतं, ते मापून बघावं लागतं. लोकांना हे माहीतच नसतं."



"व्हय काका," करुणा म्हणाली. "लिहून घेते."