गृहप्रवेशासाठी गाय निवडताना

गोठ्यात शेण आणि किस्से, दोन्ही रोज उचला, उद्या पुन्हा तेवढेच! आमच्या विन्यानं, माझ्या धाकट्या भावानं, सॉफ्टवेअरची नोकरी सोडून म्हैसूरजवळ बेळगोळच्या पुढे चार गाई पाळल्यात. मी एचआरवाली. तिथे गेले की सुट्टीतही ऑफिसात आल्यासारखं वाटतं.

यंदा तर कामासाठीच गेले. म्हैसूरच्या कुवेंपुनगरात आमचं घर बांधून झालं आणि सांगलीहून सासूबाईंचं फर्मान आलं, "आधी गाय आत जाईल, मग मी. गाय नाही तर मीही नाही!" बाई शब्दाला पक्क्या. म्हणून मी गाईंचे इंटरव्ह्यू घ्यायला बसले.

*

गौरी म्हणजे बॉस. हौदावर ती प्यायल्याशिवाय कुणी तोंड लावायचं नाही. दोन घोट घेते आणि तिथेच आडवी उभी राहून लांब बघत बसते. बाकीच्या ताटकळलेल्या!

"काय करतेय ती?" नवऱ्यानं विचारलं.

"मीटिंग," मी म्हटलं.

*

कावेरी दिवसभर गौरीची मान चाटते. मध्ये गौरीचा पाय सुजला म्हणून तिला वेगळं बांधलं. संध्याकाळी बघतात तर कावेरी भद्राची मान चाटतेय! गौरी बरी होऊन परतली, की बाईसाहेब पुन्हा जुन्या मानेवर.

"हिलाच ने, अगदी गरीब आहे," विन्या म्हणाला.

"अरे, असल्या गरिबांनाच आम्ही प्रमोशन देतो!"

*

तुंगा आणि भद्रा जिवलग मैत्रिणी. डॉक्टर टोचायला आले तरी खेटून उभ्या. सुई एकीला, उडी दुसरीची! तुंगाला नुसतं दाराबाहेर काढलं, तर भद्रानं हंबरून अख्खी वस्ती गोळा केली. दोघींना एकदम न्यावं, तर आमचा हॉल तो केवढा!

*

शेवटी विन्यानं गोठ्यात आमच्या हॉलसारख्या चकचकीत टाइल्स मांडल्या. तुंगा-भद्रा बिचकल्या. कावेरीनं आधी गौरीकडे बघितलं. गौरी मात्र रुबाबात टाइल्सवर चढली आणि मधोमध शेण टाकून उभी राहिली.

"सिलेक्टेड!" नवरा ओरडला.

*

गृहप्रवेशाला विन्याची बायको भाग्या गौरीला टेम्पोतून घेऊन आली. भाग्या म्हैसूरचीच. म्हणाली, "अक्का, हिला कन्नडच कळतं नोडी. 'बा' म्हटलं की येते, 'होगु' म्हटलं की जाते."

सासूबाईंनी दोरी सोडायला लावली. "लक्ष्मी ओढून आणायची नसते!"

मुहूर्त झाला. भाग्या उंबऱ्यापाशी उभी राहिली. "बा अम्मा, बा!" गौरीनं एक खूर आत ठेवला. मी हुश्श केलं. तेवढ्यात गौरी हंबरली. सासूबाईंना भरूनच आलं. एका हातात औक्षणाचं ताट, दुसरा तिच्या पाठीवर. "हो गं! हो गं बाई माझी!"

गौरीनं खूर काढला, वळली आणि चालू लागली. समोरच्या घराच्या दारात शेजारीणबाई मजा बघत होत्या. दारी आलेली गाय बघून त्या हरखल्या, "बा अम्मा, बा!" गौरी थेट त्यांच्या हॉलमध्ये!

सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं, आपली बॅग उचलली आणि गाईमागोमाग निघाल्या.