दादाचा उंबर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून माझा साखरेचा आकडासुद्धा लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? कुणास ठाऊक.

मला बोन्सायचा नाद. गुडघ्यांमुळे देवळाच्या पायऱ्या होत नाहीत, पण घाटात वाकडं खोड दिसलं की बकरीसारखा चढतो.

दादा गेला तेव्हा वहिनींनी रक्षा नदीत सोडली नाही. कळवणच्या मळ्यात, विहिरीपाशी खड्ड्यात घातली आणि वर उंबराचं रोप लावलं. चार वर्षांत गुरांनी ते दोनदा खाल्लं. म्हणून उंची कमरेएवढीच, पण बुंधा जाड, पीळदार. मुळांनी दगड बोटांसारखा धरलेला. असं खोड माणूस जन्मभर शोधतो हो!

वहिनी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. मळ्यावर लक्ष ठेवायला कोण? — मी. विश्वासाचा माणूस.

मी ते खणलं. त्याच जागी रोपवाटिकेतला तेवढाच उंबर लावला. शेंडे खुडले, बुंध्याला माती चढवली, हुबेहूब केला. या कामात माझा हात आहेच ना.

तो आता घराएवढा झालाय. वहिनी रोज त्याच्याशी बोलतात. फोनवर मला म्हणतात, "भाऊजी, तुमचे दादा विहिरीवर सावली धरायला लागले बरं का!" मी हसतो — दुसरं काय करणार?

आणि खरा? नाशकात, माझ्या गच्चीवर, छाटून-छाटून वीतभर ट्रेमध्ये बसवलेला. पहिल्यांदा माती बदलली तेव्हा मुळांत पांढरं काहीतरी दिसलं. नखाएवढं. काढायला गेलो — मुळानं सोडलं नाही. पुढच्या खेपेला त्याला मुळाचे दोन वेढे होते. झाडं उन्हाकडे झुकतात. माझी बाकीची सगळी दक्षिणेला झुकतात. हा उत्तरेला. ट्रे फिरवला तरी पंधरा दिवसांत पुन्हा उत्तरेला. उत्तरेला कळवण आहे.

परवा वहिनी आल्या. गच्चीवर चाळीस कुंड्या. त्या थेट याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मग कोवळ्या शेंड्यावरून बोट फिरवलं.

"भाऊजी, वाढू द्या की हो याला. किती दाबून ठेवलंय बिचाऱ्याला!"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "चला वहिनी, चहा निवतोय."

त्या गेल्या. तो शेंडा जरा लांबला होता, आकार बिघडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो खुडला.