पडद्याचा लेखी जबाब
प्रिंटरच्या रिबिनीचा वास आला की मला सदर भागातलं ते ऑफिस आठवतं, जिथे बाहेर मे महिन्यात डांबर वितळायचं आणि एसी लावलेल्या कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही चपला बाहेर काढून, स्वेटर घालून, देवघरात शिरावं तसे शिरायचो. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मुंबईहून आलेला हजेरीचा प्रोग्राम रोज यादीतून चाळीस माणसं गायब करायचा आणि त्याचं कारण पडद्यावरून इतक्या वेगानं पळवायचा की घारीलाही वाचता येऊ नये. "काहून गा, नावं तूच खाऊन राहिला काय?" साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नको." मी म्हटलं, "साहेब, मशीन स्वतःच सांगून राहिली. मी तिचा जबाब लेखी घेतो." "पडद्यावरचं पळालेलं कागदावर येत असते काय?" ते हसले. मी तिथेच बसून चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. प्रोग्राम तिनंच चालवायचा आणि तो जे बोलेल ते पडद्याऐवजी थेट फायलीत घ्यायचं. मग फाईल छापायला घातली, तेव्हा प्रिंटर असा किंचाळला की सदरमधली कबुतरं कामठीला जाऊन बसली. कागदावर प्रत्येक गायब माणसापुढे इंग्रजीत एकच वाक्य होतं: नाव फार लांब, वगळले. पहिलंच नाव साहेबांचं होतं. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "साहेब, तुम्ही तर महिनाभरापासून गैरहजर आहा." आता नातवंडं म्हणतात, मशीन चुकत नाही. मी म्हणतो, तिला तसं लेखी द्यायला लावा.