व्होंडाची साक्ष

व्होंडा कॉडिलचं नाव कुणाच्या तोंडी यायचं काही कारणच नव्हतं. केंटकीच्या डोंगरातल्या त्या गावात ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पोरं ताट पुढे करायची, ती मक्याचा पाव नि घेवड्याची उसळ वाढायची, आणि पोरं तिच्या तोंडाकडे न बघताच पुढे सरकायची. नवरा खाणीत कोळशाची धूळ गिळून गिळून खोकत गेला. एकुलती लेक कार्लीन लग्न होऊन नदीपलीकडे नांदत होती. रविवारी चर्चमध्येही व्होंडा मागच्या बाकावर बसायची, आणि जेवणावळ असली की भांडी घासायला सगळ्यांच्या आधी उठायची.

तिला पुढे आणलं ते पाद्र्याच्या बायकोने, लोराबेलने. बायकांच्या बैठकीत एकदा ओघात व्होंडा बोलून गेली, की लग्नाआधी, अगदी पोरसवदा असताना, तिने पोट पाडून घेतलं होतं. बोलली आणि तिने जीभ चावली. पण कुणी नाक मुरडलं नाही. लोराबेलने उठून तिचा हात हातात घेतला.

"आणि तेव्हापासून मनाला टोचणी लागून राहिली असेल, नाही का गं?"

व्होंडाने मान हलवली. खरं तर तसं काहीच नव्हतं. त्या दिवशी परतताना बसमध्ये तिला गाढ झोप लागली होती, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच. पण समोरच्या बाईने एवढ्या मायेने विचारलेलं. नाही कसं म्हणायचं?

त्या होकाराला मग पाय फुटले. राजधानीत, फ्रँकफर्टला, नवा कायदा येऊ घातला होता. गर्भपातासाठी येणाऱ्या प्रत्येक बाईची डॉक्टरने आधी सोनोग्राफी करायची, चित्र तिच्यापुढे धरायचं, त्यात काय काय दिसतं ते तोंडाने सांगायचं, काळजाचे ठोके ऐकवायचे. बाईला नको असलं तरी. आमदारांच्या समितीपुढे बोलायला अनुभवाची बाई हवी होती. लोराबेलने आपल्या गाडीतून व्होंडाला नेलं आणि वाटेत तिच्याकडून भाषण घोकून घेतलं.

"त्या दिवशी कुणी मला माझं बाळ दाखवलं असतं," व्होंडा माइकपुढे म्हणाली, "तर मी उलट्या पावली घरी गेले असते."

वाक्य लोराबेलचं होतं. डोळ्यांतलं पाणी व्होंडाचं, पण तेही भीतीचं. ती बोलायची थांबली आणि सगळं दालन उठून उभं राहिलं. एक आमदार खुर्ची सारून खाली आला आणि तिच्याशी अदबीने, "बाईसाहेब, फार धीराचं काम केलंत," असं बोलला. आजवर व्होंडाला असं कुणी काही म्हटलं नव्हतं. कायदा झाला. साक्षीची चित्रफीत चर्चने सगळीकडे पाठवली. व्होंडा पुढच्या बाकावर बसू लागली.

काही वर्षांनी कार्लीनला दिवस गेले. फार वाट पाहून गेलेले दिवस. तिने आणि ट्रॉयने, तिच्या नवऱ्याने, पाळणा आणला, बाळाचं नावही ठरवलं. मग अर्धे महिने भरल्यावर डॉक्टरने सांगितलं की बाळाची कवटी झालेलीच नाही, आत मेंदू नाही. जन्मलं तरी घटकाभराचं. जवळपासच्या दवाखान्यांनी हात वर केले. लुइव्हिलला गर्भपात करून देणारं एक क्लिनिक होतं. ट्रॉय ओहायो नदीवर मालाच्या बोटीवर गेलेला, त्याला उतरता येईना. म्हणून गाडी व्होंडाने काढली.

क्लिनिकमधली डॉक्टर थकलेल्या आवाजाची, वयस्क बाई होती.

"कार्लीन, मला हे कायद्याने करावंच लागतं," ती म्हणाली. "तू डोळे मिट, तोंड फिरव. ठोक्यांचा आवाज मी बंद करते. पण जे दिसतं ते बोलल्याशिवाय माझी सुटका नाही."

"आमच्या डॉक्टरने सगळं सांगितलंय मला. अजून काय कळायचं राहिलंय?"

"काहीच नाही. तरीही."

कार्लीनने भिंतीकडे तोंड वळवलं. आईच्या हातातला हात तिने अलगद सोडवून घेतला.

"आई, तू बघ," ती म्हणाली. "बघायला हवं असं तूच म्हणाली होतीस. तर तू बघ."

व्होंडाने बघितलं. डॉक्टर एकेक सांगत गेली. हे हात, हे पाय, हे काळीज, चालू आहे. ती डोक्याशी आली. कार्लीन म्हणाली, "थांबा ना हो." डॉक्टर म्हणाली, "नाही थांबता येत मला, पोरी," आणि तिने राहिलेलं पुरं केलं. कार्लीनचे खांदे हलत होते. व्होंडाला वाटलं, हे सगळं ही डॉक्टर बोलत नाहीये, मीच बोलतेय.

पुढचं काम दुसऱ्या दिवशी होतं. कायद्याने तेवढं थांबणंही भाग होतं. दोघी गाडीत येऊन बसल्या. व्होंडाने किल्ली फिरवली नाही.

"मी समितीत बोलले ते खोटं होतं," ती म्हणाली.

"कुठलं?"

"सगळंच. मला कधी पस्तावा झाला नाही. त्यांनी चित्र दाखवलं असतं तरी मी घरी गेले नसते."

कार्लीन तिच्याकडे वळली. "मग बोललीस कशाला?"

उत्तर एकच होतं, आणि त्याचीच लाज सगळ्यात मोठी. लोराबेलचं नाव पुढे करता आलं असतं. व्होंडाने ते केलं नाही.

"लोक उठून उभे राहिले गं माझ्यासाठी," ती म्हणाली.

कार्लीन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "गाडी चालू कर."

दुसऱ्या दिवशीचं काम उरकून घरी आल्यावर व्होंडा बायकांच्या बैठकीत उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. कोंडी फुटेल, कुणी शिव्या देईल, अशी तिची अपेक्षा होती. लोराबेल म्हणाली, "दुःखात माणूस काहीही बोलतं गं. आम्ही मनावर घेत नाही." व्होंडाने पुन्हा सांगितलं, तेव्हा कुणीतरी चर्चसाठी केक विकायचा विषय काढला. चित्रफीत काढून टाका म्हटलं, तर उत्तर मिळालं, "त्या फितीने कितीजणींना बळ मिळतंय!" तिने त्या आमदाराच्या कचेरीत फोन केला, तिथल्या मुलीने पाठिंब्याबद्दल आभार मानून फोन ठेवला. दिलेलं खोटं परत घ्यायला कुणी तयार नव्हतं. दुकानात अनोळखी बायका अजून तिचा हात दाबायच्या, आणि तिला तो कुठे लपवावा असं व्हायचं. हळूहळू तिने चर्चला जाणं सोडलं.

कार्लीनने बोलणं तोडलं नाही. फोन यायचे, हवापाण्याचे, गाडीच्या दुरुस्तीचे. पुढच्या खेपेला दिवस गेल्याचं मात्र तिने आईला कळवलं नाही. तपासण्यांना ती सासूला घेऊन जायची. थँक्सगिव्हिंगच्या सणाला व्होंडा लेकीकडे गेली, तेव्हा कार्लीनने दार उघडलं आणि पोट पाहून व्होंडाला कळलं.

"सांगणारच होते," कार्लीन म्हणाली.

"नाही सांगितलंस तेच बरं केलंस," व्होंडा म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. मग स्वयंपाकघरात बटाटे सोलताना तिला राहवेना. "सगळं नीट आहे ना?"

"हो. मुलगी आहे. डोकं नीट आहे तिचं."

व्होंडा बटाटे सोलायचे सोडून मागच्या पडवीत गेली. आनंद झाला होता, पण तो लेकीसमोर तोंडावर दिसू देण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही, ते तिला कळत नव्हतं.